परदेशचें ऊन आणि दांड्याची रेचल

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत डोंबिवलीचे आमचे एक जुने वर्गबंधु सकाळींच ठाण्यास आमच्या दारांत येऊन उभे राहिले. हातांत एक गुळगुळीत सचित्र माहितीपत्रक होतें. पोर्तुगालच्या दक्षिणेकडे आलेन्तेझू नांवाचा प्रांत आहे. तेथें बुचाच्या झाडांचीं रानें, ऑलिव्हच्या बागा, चुन्यानें रंगविलेलीं पांढरीं बैठीं घरें आणि वर्षांतील बहुतेक दिवस निरभ्र ऊन. तरुण मंडळी शहरांकडे निघून गेल्यामुळें तेथील खेडीं ओस पडत चाललीं आहेत, आणि अंगण, विहीर, झाडें यांसह एखादें जुनें घर डोंबिवलींतील दोन खोल्यांच्या किंमतींत पदरांत पडूं शकतें, असें त्या पत्रकाचें म्हणणें होतें. "अरे, तीस वर्षें मीं त्या लोकलच्या दारांत लोंबकळत काढलीं. आतां उरलेलीं वर्षें उन्हांत खुर्ची टाकून बसावें म्हणतों," आमचे मित्र म्हणाले. मुलगा युरोपांतच नोकरीस आहे, घर विकण्यास अडचण नाहीं, वहिनींचें मन अर्धें वळलें आहे.

"आणि आई?" आम्हीं विचारलें.

आई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें होतें कीं मला येथून हलवूं नका. "चांगली बाई ठेवूं, शेजार चांगला आहे," असें म्हणून आमचे मित्र खिडकीबाहेर पाहूं लागले.

आमच्या धंद्याच्या माणसाजवळ कोणत्याहि दुखण्यावर एकच औषध असतें, तें म्हणजे पुस्तक. आम्हीं कपाटांतून एस्थर डेव्हिड यांची 'द बुक ऑफ रेचल' ही इंग्रजी कादंबरी काढून त्यांच्या हातीं दिली आणि सांगितलें, "हें वाच आणि मग ये." पुढें जें लिहिलें आहे तें कांहींसें त्या कादंबरीचें परीक्षण आहे व कांहींसें त्या पुस्तकावरून आम्हां दोघांत झालेल्या वादाचें टिपण आहे. तो वाद आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं आज ना उद्यां होणार आहे, म्हणून तो येथें मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

प्रथम कादंबरींतील समाजाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे; कारण हा समाज आमचा शेजारी असून आम्हांस त्याची ओळख फार थोडी आहे. कल्याण-डोंबिवलीचा चाकरमानी रोज ज्या मशीद स्थानकावरून जातो, त्या स्थानकाचें नांव तेथील बेने इस्राएल समाजाच्या जुन्या प्रार्थनामंदिरावरून पडलें असें सांगतात. या समाजांत प्रार्थनामंदिरास मशीद म्हणण्याचा प्रघात होता, आणि कंपनीच्या पलटणींतील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं तें मंदिर १७९६ सालीं बांधलें. आमच्या ठाण्यांतहि 'शार हाशमाईम', म्हणजे 'स्वर्गाचें द्वार', या नांवाचें मंदिर १८७९ पासून उभें आहे. आम्ही विद्यार्थिदशेपासून त्याच्यावरून जात आहों. परंतु आंत काय चालतें हें विचारण्याचें आम्हांस कित्येक वर्षें सुचलें नाहीं, ही कबुली देतांना लाज वाटते.

आपल्या पूर्वजांचें गलबत नौगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें व सात जोडपीं वांचलीं, अशी या लोकांची परंपरागत समजूत आहे. कुलाबा जिल्ह्यांतील खेड्यांत ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर हीं त्यांचीं आडनांवें गांवांवरूनच पडलीं. त्यांच्या बायका मंगळसूत्र बांधीत, हिरव्या बांगड्या भरीत, आणि त्यांच्यांत मराठी कीर्तनें होत. फरक इतकाच कीं कीर्तनांतील आख्यान मोशेचें किंवा योसेफाचें असे. वल्हांडण सणाच्या पोथीचें मराठी भाषांतर १८७४ सालीं पुण्यास छापलें गेलें. असा हा समाज भाषेनें, आहारानें व वेषानें सर्वस्वीं महाराष्ट्रीय होता.

१९४८ सालीं इस्रायलचें राष्ट्र स्थापन झालें, तेव्हां या समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत त्यांपैकीं बहुतेक कुटुंबें तिकडे निघून गेलीं. २०११ च्या खानेसुमारींत भारतांतील सर्व पंथांच्या यहुद्यांची मिळून संख्या साडेचार हजारांहून थोडीशीच अधिक भरली. जे राहिले त्यांची मोठी वस्ती आज मुंबई व ठाणें येथेंच आहे. हे लोक कोणाच्या छळास कंटाळून गेले नाहींत. आपल्या इतिहासांत आपणांस येथें कोणीं त्रास दिला नाहीं, हें ते स्वतःच अभिमानानें सांगतात. ते गेले ते धर्मग्रंथांतील वचनाच्या ओढीनें, कांहीं नोकरीच्या व घराच्या आशेनें, आणि पुष्कळसे शेजारचें घर गेलें म्हणून गेले. एकंदर स्थलांतराचें शास्त्र या तिसऱ्या कारणास फारसें महत्त्व देत नाहीं. पण कादंबरीकारानें तें दिलेंच पाहिजे.

एस्थर डेव्हिड यांनीं तें दिलें आहे. त्यांचा जन्म अहमदाबादचा, १९४५ चा. वडील रूबेन डेव्हिड यांनीं तेथील कांकरिया तलावाकांठीं प्राणिसंग्रहालय उभें केलें. 'द बुक ऑफ रेचल' २००६ सालीं प्रसिद्ध झाली व २०१० सालीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. कथानक साधें आहे. अलिबागेजवळ समुद्रकांठीं दांडा येथें रेचल नांवाची वृद्ध विधवा एकटी राहते. पति ॲरन वारला. मुलें इस्रायलला गेलीं. गांवांतील इतर यहुदी घरेंहि गेलीं. उरलें आहे तें प्रार्थनामंदिर. तेथें प्रार्थनेस माणसें जमत नाहींत, तरी रेचल तें झाडते, पुसते, त्याची निगा राखते. पुढें त्या मंदिराची जागा विकून टाकण्याचा घाट घातला जातो, आणि एका तरुण वकिलाच्या साहाय्यानें रेचल त्याविरुद्ध उभी राहते. परदेशीं असलेल्या आपल्या मुलीनें त्या वकिलाशीं लग्न करावें अशीहि तिच्या मनांत इच्छा आहे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभीं एका पदार्थाची कृति दिली आहे.

या पाककृतींना कोणी शोभेची कल्पना म्हणेल. आमचें मत तसें नाहीं. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें मांस व दूध एकत्र येतां कामा नये. म्हणून कोंकणांतील या बायकांनीं रश्श्यांत नारळाचें दूध घातलें. आकाशांतील आज्ञा आणि परसांतील माड यांची अशी सोयरीक जुळविणारी जी बुद्धि, तीच या समाजाची खरी संस्कृति होय. पोहे, खोबरें, साखर व फळें यांचा मलिदा करून एलिया पैगंबरास नवस फेडणें, नववर्षास गव्हाच्या चिकाचा हलवा थापणें, हीं कृत्यें रेचल एकटीनें करते तेव्हां तिच्या एकलेपणाचें जें माप वाचकाला मिळतें, तें पांच पृष्ठांच्या स्वगतानेंहि मिळालें नसतें. हलवा ढवळण्यास चार हात लागतात. मलिदा वाटण्यास माणसें लागतात. स्वयंपाक हा प्रमाणाचा विषय आहे, आणि ज्या घरांतून माणसें गेलीं त्या घरांत सर्वांत आधीं प्रमाणच चुकूं लागतें. ही गोष्ट लेखिकेनें ओळखली आणि तिच्यावर पुस्तकाची बांधणी केली, याबद्दल तिचें मनापासून अभिनंदन केलें पाहिजे.

दुसरा विशेष नायिकेच्या नांवाचा. मराठी बायबलांत जिला राहेल म्हणतात तीच ही रेचल. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथांत राहेल आपल्या मुलांसाठीं शोक करते, कारण तीं देशोधडीस लागलीं आहेत. आणि तिला आश्वासन मिळतें कीं तुझीं मुलें आपल्या देशीं परत येतील. दांड्याच्या रेचलच्या बाबतींत हें आश्वासन अक्षरशः खरें झालें आहे. मुलें ग्रंथांत सांगितलेल्या देशीं परत गेलीं. मात्र आई कोंकणांत राहिली. ज्या वचनासाठीं समाजानें शतकानुशतकें प्रार्थना केली, तें वचन फळाला आल्यामुळेंच मंदिरांत प्रार्थनेस कोणी उरलें नाहीं. हा विरोध लेखिकेनें मुद्दाम उलगडून सांगितलेला नाहीं. तो नांवांतच ठेवून दिला आहे, आणि ज्याला बायबल ठाऊक आहे त्याला तो सोसवत नाहीं.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास येथें गोल्डस्मिथच्या १७७० सालच्या 'डेझर्टेड व्हिलेज' या काव्याची आठवण होणें साहजिक आहे. तेथेंहि गांव ओस पडतें, तेथेंहि माणसें समुद्रापार जातात, आणि तेथेंहि मागें एक गरीब वृद्धा उरते. परंतु गोल्डस्मिथची वृद्धा हें केवळ चित्र आहे. ती काठावर दिसते, कवीला करुणा उत्पन्न करण्यास साहाय्य करते आणि नाहींशी होते. दांड्याच्या रेचलला मत आहे, हट्ट आहे, रागलोभ आहेत आणि वकील आहे. ओसाड गांवच्या म्हातारीला दया नको, कायदेशीर सल्ला हवा, हें अडीच शतकांनंतर एका बाईनें लिहिलें, यांत वाङ्मयाची खरी प्रगति आहे असें आम्हांस वाटतें.

तिसरी गोष्ट आमच्या मित्रांच्या माहितीपत्रकाशीं निगडित आहे. मंदिराची जागा कोणाला हवी आहे? जो ती विकसित करूं इच्छितो त्याला. आणि त्याला ती कां हवी आहे? तर तेथें समुद्र आहे, माड आहेत, ऊन आहे, आणि मुंबईच्या मानानें भूमि स्वस्त आहे म्हणून. अलिबागेच्या किनाऱ्यावर मुंबईच्या धनिकांचीं विश्रामगृहें कशीं उभीं राहिलीं हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. म्हणजे जी जागा रेचलच्या मुलांनीं सोडली, तीच दुसऱ्या कोणाचा 'उन्हाचा स्वस्त प्रांत' आहे. आलेन्तेझूंतील पांढऱ्या घराच्या दारांतहि कोणी रेचल उभी असेल. ऊन कोठें फुकट मिळत असलें तरी स्वस्ताई कोणाच्या तरी निघून जाण्यांतून उत्पन्न झालेली असते. एवढें एक सत्य त्या गुळगुळीत पत्रकांतून वगळलें होतें व या कादंबरींत तें सांपडलें, म्हणून आम्हीं आमच्या मित्रांच्या हातीं हें पुस्तक दिलें होतें.

पंधरा दिवसांनीं मित्र परत आले. आमची अपेक्षा होती कीं ते विरघळले असतील. ते चिडले होते. "तूं मला हें पुस्तक आईची आठवण करून देण्यासाठीं दिलेंस, हें मला समजत नाहीं असें वाटतें काय? पण मला सांग, या बाईच्या मुलांचें काय झालें? तीं कां गेलीं, तिकडे काय खाल्लें, कोठें निजलीं, पहिल्या वर्षीं रडलीं कीं नाहीं? लेखिका दांड्यांतून हलतच नाहीं. मुलें म्हणजे दुरून येणारा आवाज. घरीं राहिलेल्याचीच बाजू सांगावयाची असेल तर ती खरी वाटणारच."

हा आक्षेप आम्हीं प्रथम रागावून व मग विचार करून ऐकला. आणि परीक्षक या नात्यानें तो आम्हांस मान्य करावा लागत आहे. जे गेले त्यांचा इतिहास आपणांस ठाऊक आहे, आणि तो कादंबरीच्या बाहेर राहिला आहे. त्यांपैकीं पुष्कळांच्या वाट्यास नेगेव्हच्या वाळवंटाकडील गांवें आलीं. बीरशेबा हें जुनें नगर. दिमोना तर १९५५ सालीं नव्यानें वसविलेलें. ऊन तेथें भरपूर होतें, जागाहि होती, आणि दुसरें फारसें कांहीं नव्हतें. ज्यांनीं जन्मभर पावसाळ्याच्या हिशेबानें वर्ष मोजलें, ते जेथें पाऊसच नाहीं तेथें जाऊन राहिले. रंगावरून आपल्यांत व इतरांत पंक्तिभेद केला जातो अशी त्यांची तक्रार होती, आणि १९५१-५२ च्या सुमारास बीरशेब्याकडील एका गटानें आम्हांस भारतांत परत पाठवा म्हणून सत्याग्रह केला. वचनभूमींत बसून गांधींच्या मार्गानें कोंकणची वाट मागणारे ते लोक हा केवढा कादंबरीचा विषय! त्यांतील कित्येक खरोखर परत आले, आणि त्यांतलेहि कांहीं पुढें पुन्हां तिकडे गेले.

त्यानंतर १९६२ सालीं तेथील धर्माधिकाऱ्यांनीं या लोकांच्या विवाहांच्या वेळीं वंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी असा दंडक घातला. ज्या समाजानें घाण्याचा बैल शनिवारीं कधीं जुंपला नाहीं, त्याला तूं यहुदी आहेस कीं नाहीं हें विचारलें गेलें. चळवळ झाली, जेरुसलेमेंत धरणें धरलीं गेलीं, आणि १९६४ च्या ऑगस्टांत तेथील लोकसभेनें, क्नेसेटनें, बेने इस्राएल हे सर्वार्थानें यहुदी आहेत असें जाहीर केलें. पुढें याच लोकांनीं तेथें घरें बांधलीं, मुलें शिकविलीं, लष्करांत पाठविलीं. आणि 'मायबोली' या नांवाचें एक मराठी नियतकालिकहि कित्येक वर्षें चालविलें. हें नांव त्यांनीं निवडलें, यावरच एक निबंध लिहितां येईल. ठाण्यांत राहून आपण आपल्या भाषेची जी उपेक्षा करतों, ती दूर जाऊन राहणाऱ्यांना परवडत नाहीं.

यांतील कांहींहि 'द बुक ऑफ रेचल' मध्यें प्रत्यक्ष उतरलें नाहीं, हा तिचा उणेपणा आहे. कोणी म्हणेल कीं लेखिकेनें जो विषय घेतलाच नाहीं त्याबद्दल तिला दोष कां द्यावा? सामान्यतः हें बरोबर आहे. परंतु येथें रेचलचें दुःख मुलांच्या जाण्यानें निर्माण झालें आहे. जाणारे जर पुसट राहिले, तर राहणारीची निवडहि निवड वाटत नाहीं, ती स्थिति वाटते. रेचल दांड्यांत राहते हें तिचें शहाणपण कीं तिची असहायता, याचा निवाडा वाचकानें कशावर करावा? दुसऱ्या पारड्यांत वजन घातल्याखेरीज पहिलें जड कीं हलकें तें कळत नाहीं. यामुळेंच वकिलाच्या व मुलीच्या विवाहाचा धागा आम्हांस पुस्तकांतील सर्वांत नाजुक धागा वाटला. मुलीच्या मनांत तिकडचें जीवन किती रुजलें आहे हें न दाखवितां तिला इकडे ओढावयाचें, यांत आईची इच्छा दिसते, मुलीची दिसत नाहीं.

आणखी एक खंत. हें सर्व इंग्रजींत आहे. शीला रोहेकर यांनीं याच समाजाच्या पिढ्यांवर 'मिस सैम्युएल: एक यहूदी गाथा' ही कादंबरी २०१३ सालीं लिहिली, ती हिंदींत. दोघीहि लेखिका गुजरातेकडच्या. त्यांनीं आपल्या हाताच्या भाषेंत लिहिलें, यांत त्यांचा दोष कांहींच नाहीं. पण ज्या लोकांनीं घरांत मराठी बोलून, मराठींत कीर्तनें करून, मराठींत वल्हांडणाची कथा वाचून शेवटीं मराठीच बरोबर नेली, त्यांच्या जाण्याची गोष्ट आम्हां मराठी वाचकांस परभाषेंतून शिकावी लागते, हा आमच्या वाङ्मयीन शेजारधर्मावरचा ठपका आहे. आम्ही परदेशगमनावर पुष्कळ लिहितों. प्रवासवर्णनें आहेत, मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आईबापांचीं हकीकतपत्रें आहेत. त्यांतून दोनच सूर ऐकूं येतात: तिकडचें सगळें छान, किंवा इकडचें सगळें गेलें. पहिला सूर माहितीपत्रकाचा, दुसरा विलापाचा. ज्यांत घराचा पुरता जमाखर्च मांडला आहे, काय मिळालें, कोणी दिलें, कोणाच्या वाट्याचें कमी झालें, असें लेखन विरळा. एस्थर डेव्हिड यांच्या पुस्तकांत या जमाखर्चाची एक बाजू प्रामाणिकपणें लिहिली आहे. दुसरी बाजू कोणीतरी मराठींत लिहावी, आणि ती लिहिणारा ठाण्यांत किंवा दिमोन्यांत कोठेंहि बसलेला असला तरी चालेल.

हें सर्व आम्हीं मित्रांस सांगितलें. ते शांत झाले. मग म्हणाले, "म्हणजे तूं मला जाऊं नको असें म्हणत नाहींस?" आम्हीं म्हटलें, "नाहीं. जाणारे मूर्ख नव्हते आणि राहणारी संत नव्हती. पण तुझ्या पत्रकांत ज्या घराचें चित्र आहे तें रिकामें कां झालें हें विचारून जा, आणि तूं गेल्यावर डोंबिवलीचें जें घर रिकामें होईल त्यांत कोण बसलें आहे तें पाहून जा." पोर्तुगीज लोक १७३७ सालीं हें ठाणें सोडून गेले, त्यांच्या गांवीं ठाण्याकडच्या माणसानें जाऊन राहण्यांत इतिहासाची एक गंमतहि आहे, असें आम्हीं जोडलें. ते हंसले, पण पुरते हंसले नाहींत.

पुस्तक परत आलें तें गेल्या महिन्यांत. त्यांनीं अद्याप कांहीं ठरविलेलें नाहीं. पृष्ठांवर दोन ठिकाणीं हळदीचे डाग होते. चौकशी केली तेव्हां कळलें कीं वहिनी दुपारीं सासूबाईंना त्यांतील पाककृति मराठींत सांगत असत, आणि नारळाचें दूध पहिलें कीं दुसरें यावर त्या दोघींचा वाद होई. एके दिवशीं आईंनीं मध्येंच विचारलें, "त्या बाईचीं मुलें तिला भेटायला येतात का गं?" वहिनींनीं उत्तर देण्यासाठीं पुढचीं पानें चाळलीं. आमचे मित्र तेव्हां शेजारच्या खोलींत होते. तें पुस्तक त्यांनीं आम्हांला परत केलें, परंतु माहितीपत्रक कोठें आहे हें आम्हीं विचारलें नाहीं, आणि त्यांनींहि सांगितलें नाहीं.